एकराचा ऐंशीवा भाग

'यंदा पीक किती आणे?' ब्रिटिश अमदानीत हा प्रश्न पारावरच्या गप्पांपुरता नव्हता, त्यावर सरकारी कागद हलत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, बारा आणे म्हणजे बरे आणि सहा आणे म्हणजे साऱ्याला सूट देण्याची वेळ. गावचा तलाठी, सर्कल इन्स्पेक्टर आणि मामलेदार शिवारावर नजर टाकून हा आकडा, म्हणजे आणेवारी, ठरवीत. त्यानंतर जिल्ह्याचे उत्पादन काढणे म्हणजे एक गुणाकार उरे: पेरणीचे क्षेत्र, एकरी सामान्य उतारा आणि आणेवारी.

या तीन आकड्यांपैकी पहिला बराचसा भरवशाचा होता. रयतवारी मुलखात प्रत्येक शेताचे मोजमाप झालेले होते आणि तलाठी दर हंगामाला पीकपाहणी करी. दुसऱ्या आकड्याचे तसे नव्हते. 'सामान्य' उतारा ठरवण्यासाठी अधिकारी मधूनमधून कापणी करून बघत, पण कोणते शेत कापायचे हे त्यांचे तेच ठरवीत. तिसरा आकडा तर निव्वळ नजरेचा. त्यात माणसाचा स्वभाव उतरे. जादा आणे लिहिले तर गावावर साऱ्याचा बोजा पडणार, म्हणून चांगल्या सालीही हात आखडता राही. अशा गुणाकारातून निघालेले आकडे प्रांताच्या आणि पुढे देशाच्या पीक-अंदाजात मिळवले जात.

शांततेच्या काळात हे खपून गेले. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. त्या दुष्काळाची कारणे युद्ध, महागाई आणि सरकारी धोरणे यांत होती, केवळ पिकाच्या तुटीत नव्हती. पण मुळात धान्य किती पिकले, हेच कोणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हते. रेशनिंग सुरू झाले, 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली आणि दिल्लीला पहिल्यांदा खऱ्या आकड्याची निकड भासू लागली.

खरा आकडा कसा काढावा, याची एक वाट तोवर सापडलेली होती. जॉन हबॅक नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताचा उतारा मोजण्यासाठी शेते स्वतः निवडायचे सोडून दिले. कोणते शेत आणि त्यातला कोणता तुकडा, हे त्याने यदृच्छेवर सोपवले. तुकडा अगदी लहान, एकराच्या ३२०० व्या भागाएवढा त्रिकोण. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक आर. ए. फिशर यांनी या कामाचे ऋण पुढे मान्य केले. हबॅक काही संख्याशास्त्रज्ञ नव्हता. त्याला फक्त भात किती पिकतो ते हवे होते.

ही वाट रुंद केली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. १९३७ पासून त्यांनी बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी उभी केली आणि पुढे भाताच्या उताऱ्याकडे मोर्चा वळवला. बंगालची एक अडचण होती. तिथे कायमधारा पद्धत होती. सारा जमीनदाराकडून ठरीव रकमेत येई, त्यामुळे गावोगाव तलाठी-पटवाऱ्यांची फळी नव्हतीच. महालनोबिस यांनी आपली स्वतःची माणसे नेमली आणि तयार केली. ती माणसे पिकात लहान वर्तुळे आखून कापणी करीत. तुकडा लहान म्हणजे काम लवकर, खर्च कमी आणि तेवढ्याच पैशात जास्त जागी नमुने.

याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्याचा एक माणूस दिल्लीत दाखल झाला.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, बुध या गावचा. खटाव हा पर्जन्यछायेतला तालुका. पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणे तिथे नेहमीचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून गणित घेऊन १९३२ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या वेळी तिथे फिशर, ईगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमान असे तिघे दिग्गज होते. समग्राचे गट पाडून प्रत्येक गटातून किती नमुने घ्यावेत, हा नेमान यांचा त्या काळचा ताजा विषय होता. सुखात्म्यांनी १९३५ साली त्यावरच निबंध लिहिला आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. ही तयारी घेऊन एखादा माणूस आयुष्यभर विद्यापीठात सिद्धांत मांडत राहिला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. सुखात्मे मात्र कलकत्त्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेत थोडा काळ काढून १९४० साली इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या शेती-संशोधन परिषदेत रुजू झाले. आता त्यांची गाठ पैदासकार, मृदाशास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि महसूल खात्याचे अधिकारी यांच्याशी होती.

त्यांना जोडीदार मिळाला तो इंदूरचा. डॉ. व्ही. जी. पानसे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत कापसाच्या पैदाशीवर काम करीत. शेतीप्रयोगांची आखणी कशी असावी, यावर त्यांनी जोसेफ हचिन्सन यांच्याबरोबर १९३० च्या दशकातच लेखन केले होते. १९४२-४३ च्या हंगामात त्यांनी फिशर यांच्या रॉदॅमस्टेड केंद्रात काम करून आलेल्या आर. जे. कळमकर यांच्याबरोबर वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कापसाचा उतारा नमुना पद्धतीने काढायला घेतला.

कापूस हे अशा कामाला अवघड पीक. गहू एकदा कापला की काम संपते. कापसाची वेचणी अनेक फेऱ्यांत होते. खुंट्या ठोकून आखलेला तुकडा पहिल्या बोंडापासून शेवटच्या वेचणीपर्यंत जपायचा, प्रत्येक फेरीचे वजन वेगळे लिहायचे आणि मधल्या काळात शेतकऱ्याने तिथला कापूस आपल्या झोळीत टाकू नये म्हणून त्याची समजूत घालायची. हे करणार कोण? दिल्लीहून पाठवलेली माणसे सगळ्या देशाला पुरणार नव्हती. पानसे आणि सुखात्मे यांनी ठरवले की गावात आधीच असलेल्या महसूल आणि शेती खात्यांच्या नोकरवर्गाकडूनच हे काम करून घ्यायचे.

या निर्णयाने सगळे गणित बदलले. पद्धत नुसती बरोबर असून भागणार नव्हते. दहा कामांच्या रगाड्यात, ऐन कापणीच्या दिवसांत, साध्या माणसाच्या हातूनही ती बिघडणार नाही, अशी हवी होती.

त्यांनी बसवलेली रीत अशी. जिल्ह्यातला प्रत्येक तालुका हा एक गट. त्यातून यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून गावे निवडायची, गावातून त्या पिकाची शेते आणि शेतातून एक तुकडा. शेताच्या ठरलेल्या कोपऱ्यावर उभे राहून लांबी-रुंदी पावलांनी मोजायची. तक्त्यातून दोन अंक काढायचे. पहिल्या अंकाइतकी पावले लांबीच्या बाजूने, दुसऱ्याइतकी आत. तिथे पहिली खुंटी. जागा खुरटी निघो की जोमदार, ती बदलायची नाही. तिथून ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद आयत आखून चारी खुंट्यांना दोरी ताणायची. हा आयत एकराचा बरोबर ऐंशीवा भाग भरतो. ज्या रोपाचे बूड दोरीच्या आत ते आपले, बाहेरचे सोडून द्यायचे. मग कापणी, मळणी, उफणणी आणि वजन. त्यातले थोडे धान्य पिशवीत घालून वाळवायचे, म्हणजे ओलाव्याचे वजन वजा करता येते.

एवढा मोठा तुकडा कशाला, असा आक्षेप साहजिकच आला. महालनोबिस यांची वर्तुळे यापेक्षा कितीतरी लहान होती. कागदावरचे गणितही त्यांच्याच बाजूने होते: थोडे मोठे तुकडे घेण्यापेक्षा पुष्कळ लहान तुकडे घेतले तर तेवढ्याच खर्चात अंदाज नेमका येतो. सुखात्म्यांनी उत्तर शोधायला संयुक्त प्रांतातला मुरादाबाद जिल्हा घेतला. १९४४-४५ च्या हंगामात तिथल्या गव्हावर त्यांनी वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून बघितले: ३३ फूट बाजूचा मोठा त्रिकोण, त्याहून लहान त्रिकोण आणि तीन फूट व दोन फूट त्रिज्येची वर्तुळे.

जो निष्कर्ष निघाला तो कागदावरच्या गणितात नव्हता. तुकडा जितका लहान, तितका एकरी उतारा जास्त दिसत होता. सर्वांत लहान वर्तुळात हा फुगवटा ४० टक्क्यांच्या घरात गेला. शेत तेच आणि गहूही तोच.

कारण शोधायला शेताच्या कडेला जावे लागते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस फूट आणि त्याचा परीघही साधारण साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. रोपे या कडेवरच अडचण करतात: हे आत की बाहेर? कापणाऱ्याचा हात अशा वेळी रोप आत ओढतो. त्यात लबाडी नसते. दाणे भरलेले ताट दिसले की सोडवत नाही, इतकेच. दोरी दोनच इंच बाहेर गेली तरी या वर्तुळाचे क्षेत्र १७ टक्क्यांनी वाढते. तेच दोन इंच ३३ बाय साडेसोळा फुटांच्या आयतात चारी बाजूंनी बाहेर गेले, तर वाढ तीन टक्के. तिथे दर साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट कड असते. शिवाय ही चूक दोन्ही दिशांना होत नाही. जवळजवळ नेहमी फुगवण्याकडेच झुकते. त्यामुळे नमुने हजारोंनी वाढवले तरी ती पुसली जात नाही. हजार वेळा केलेली तीच चूक अधिक ठाम दिसते, एवढेच.

१९४६ साली सुखात्म्यांनी हे निष्कर्ष 'नेचर' आणि 'करंट सायन्स'मध्ये मांडले. पानसे यांनी कापसावरचा अनुभव जोडला. महालनोबिस गप्प बसणारे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की हा दोष तुकड्याचा नसून न शिकवलेल्या हातांचा आहे. त्यांच्या तयार माणसांकडून चार फूट त्रिज्येच्या वर्तुळातही असा फुगवटा येत नाही. उलट सारावसुलीशी संबंध असलेल्या पटवाऱ्याच्या आकड्यावर विश्वास कसा टाकायचा, हा त्यांचा सवाल होता. वादाला धार होती आणि तो बरीच वर्षे चालला. पुढे १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तिचे धान्योत्पादनाचे आकडे शेती खात्याच्या आकड्यांशी जुळेनात, तेव्हा त्याच भांडणाला नवे तोंड फुटले.

आज मागे वळून बघताना दोघांचेही म्हणणे पटते, कारण दोघे वेगवेगळ्या जमिनीवर उभे होते. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये सरकारी माणूसच नव्हता, तिथे महालनोबिस यांनी नवी फौज उभारली. रयतवारी मुलखात तलाठी होताच. सुखात्मे आणि पानसे यांनी त्याच्या हाताचा कल ओळखून पद्धत बेतली. मात्र सगळ्या देशभर आणि कायमची चालेल अशी व्यवस्था कोणती, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूने दिले. परिषदेची रीत प्रांतामागून प्रांताने उचलली आणि आणेवारीचा गुणाकार राष्ट्रीय पीक-अंदाजातून हळूहळू मागे पडला. आज बहुतेक राज्यांत हा तुकडा पाच बाय पाच मीटरचा असतो, महाराष्ट्रात बऱ्याच पिकांना दहा बाय पाच मीटरचा. एकराचा ऐंशीवा भाग म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. आपला दहा बाय पाचचा चौकोन जवळजवळ तेवढाच भरतो.

या कामासाठी सुखात्मे आणि पानसे यांनी माणसे जोडली तीही सगळ्या थरांतली. ३ जानेवारी १९४७ रोजी इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स ही संस्था स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद तेव्हाचे अन्नमंत्री राजेंद्रप्रसाद यांनी घेतले. परिषदेच्या संख्याशास्त्र शाखेने गव्हा-कापसापुरते थांबायचेही नाकारले. मलबार किनाऱ्यावर समुद्रातून रोज किती मासळी येते हे कसे मोजावे, यावर सुखात्मे, पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा निबंध १९५८ साली 'बायोमेट्रिक्स'मध्ये आला. मासळीचे शेत नसते आणि होड्या लागण्याची वेळही ठरलेली नसते. तिथे किनाऱ्यावरची ठिकाणे आणि दिवसाचे प्रहर यांतून नमुना निवडावा लागतो. प्रश्न दर वेळी दुसऱ्या कोणाचा तरी होता: कोळ्याचा, पैदासकाराचा, अन्नमंत्र्याचा.

१९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९७१ पर्यंत तिथला संख्याशास्त्र विभाग त्यांनी रोमहून सांभाळला. इकडे दिल्लीतली गादी पानसे यांनी १९६६ पर्यंत चालवली. त्यांच्याच कारकिर्दीत त्या शाखेची संस्था झाली. आजची भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था ती हीच. १९५४ हे साल या जोडीला विशेष फळले. त्या वर्षी सुखात्म्यांचा नमुना पाहणीवरचा सैद्धांतिक ग्रंथ निघाला आणि दोघांचे मिळून 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तकही. दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच वाचक कोण ते लिहिले आहे. ते गणितज्ञांसाठी नव्हते. प्रयोगाची आखणी आणि आकडेमोड स्वतः करू पाहणाऱ्या शेतीसंशोधकाला हाताशी धरून नेणारे ते पुस्तक होते. राहुरी असो की अकोला, परभणी असो की दापोली, कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत 'पानसे आणि सुखात्मे' ही दोन नावे आजही हमखास सापडतात.

रोममध्ये सुखात्म्यांनी जगाच्या भुकेला हात घातला. जगातली दोन तृतीयांश माणसे अर्धपोटी आहेत, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी तो ढोबळ आकडा सोडून दिला. पुरेसे अन्नच न मिळणारे लोक १० ते १५ टक्के. अन्न मिळूनही पोषण कमी पडणाऱ्यांसह मोजले तर निम्म्यापर्यंत, असा त्यांचा अंदाज होता. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन त्यांनी आणखी एक वाद ओढवून घेतला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दिवसाला २२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्म्यांचे म्हणणे, एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज आणि आहार वेळोवेळी कमी-जास्त होतो. सरासरीच्या खाली दिसला तो उपाशी, असे धरले तर भुकेल्यांची गणती फुगते. आहाराइतकेच स्वच्छ पाणी आणि रोगराईपासून बचाव यांनाही पोषणात महत्त्व आहे, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. दांडेकर यांनी आणि आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. अशाने गरिबांची उपासमार कागदावरून पुसली जाईल, अशी टीका झाली. हा वाद पिकाच्या वादासारखा एका बाजूने मिटला नाही. पण फुगवट्याचा संशय मुरादाबादेतला होता, हे सहज लक्षात येते.

मानसन्मान त्यांच्या वाट्याला आले नाहीत असे नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीचे गाय रौप्यपदक त्यांना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाले, १९७१ साली पद्मभूषण मिळाले. १९९७ साली त्यांचे निधन झाले आणि २००० साली केंद्र सरकारने ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तरीही महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, देशाचा सांख्यिकी दिन आहे, संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचे नाव सूत्रांना चिकटले आहे. सुखात्मे आणि पानसे यांची नावे जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारशी जात नाहीत. महाराष्ट्रातही नाहीत.

याला कोणाचा दुजाभाव कारण नाही, त्यांच्या कामाची जातच कारण आहे. प्रमेय मांडणाऱ्याचे नाव प्रमेयाला लागते. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधून ती होऊ नये अशी रीत बसवणाऱ्याचे नाव कुठे लागणार? रीत रुळली की ती सरकारी पुस्तिकेतली एक ओळ होते: तुकडा इतका लांब, इतका रुंद. ही ओळ पाळणाऱ्या कृषी सहायकाला तिच्यामागचे मुरादाबाद माहीत असण्याचे कारण नाही. अशा कामाचे यश जितके पुरे, तितका कर्ता दिसेनासा होतो. म्हणूनच पारितोषिके देणाऱ्या समित्यांनी नुसत्या नव्या सूत्रांची यादी बघून भागत नाही. या माणसाच्या कामावर दुसऱ्या किती शास्त्रांचे रोजचे व्यवहार उभे आहेत, हेही विचारायला हवे. त्या कसोटीला पानसे-सुखात्मे ही जोडी आपल्या देशात पहिल्या ओळीत बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजही दरवर्षी देशात असे लाखो पीक कापणी प्रयोग होतात. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन विम्यासाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले की नाही, हे ठरवण्यात त्यांचाच मोठा आधार असतो आणि पीक विम्याची भरपाई त्यावर अवलंबून राहते. दोरी चार बोटे बाहेर गेली तर उतारा फुगतो आणि शेतकऱ्याच्या हक्काचा पैसा बुडतो. तेव्हा आपल्या शिवारात हा प्रयोग असेल त्या दिवशी बांधावर हजर राहा, खुंट्या कुठे ठोकल्या ते बघा आणि वजनाचा कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.